मुंबईची शीव : शाळेच्या एका सहलीची आखणी
(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत केलेले भाषण)



ऐतिहासिक स्थळाच्या सहलीची आखणी कशी करावी, याविषयी मी आपल्यापुढे काही विचार मांडावेत अशी आज्ञा झाली आहे. मी मानखुर्दच्या शाळेत शिकवितो. आपण खाडीच्या त्या बाजूचे, मी ह्या बाजूचा. मध्ये वाशीचा पूल. दिवाळीची सुटी संपली की ह्या पुलावरून सहलींच्या गाड्यांची जी रीघ लागते, ती आमच्या नित्याच्या पाहण्यातली आहे. पहाटे तीनला उठविलेली मुले खिडकीशी डोके टेकून झोपलेली असतात आणि गाडी गेटवे, राणीबाग, चौपाटी असा एका दिवसाचा दौरा उरकण्यासाठी धावत असते. रात्री त्याच गाड्या परत जाताना दिसतात. तेव्हाही मुले झोपलेलीच असतात.

ह्या सहली वाईट असतात असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाने समुद्र पाहिला नाही त्याने तो पाहावा, ज्याने आगगाडी पाहिली नाही त्याने तीही पाहावी. परंतु आठ स्थळे पाहून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी ‘काय पाहिलेस?’ असे विचारले, तर ते आठ नावे सांगते आणि थांबते. इतिहासाच्या दृष्टीने त्या नावांचा उपयोग फारसा नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, सहलीला स्थळांची यादी नसावी, एक प्रश्न असावा. तो मुलांच्या तोंडी येण्याजोगा साधा असावा, आणि त्याचे उत्तर जाग्यावर गेल्यावाचून मिळू नये.

आपल्या तालुक्यातील मुलांसाठी असा एक प्रश्न मी सुचवितो : मुंबई कोठे सुरू होते?

चौथी-पाचवीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. कोणी म्हणेल वाशीला, कारण तेथे उंच इमारती दिसू लागतात. कोणी म्हणेल पुलापलीकडे मानखुर्दला. एखादे चौकस मूल म्हणेल की मामा दादरला राहतो, तीच खरी मुंबई. ही सर्व उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत, एकही पुसू नये. त्यांपैकी बहुतेकांत थोडे थोडे तथ्य आहे आणि सहलीच्या दिवशी ते उलगडावयाचे आहे.

ह्या प्रश्नासाठी जे स्थळ मी सुचविणार आहे, ते आपल्या सहलींच्या गाड्या रोज न थांबता ओलांडून जातात. ते म्हणजे शीवचा किल्ला. मानखुर्दहून हमरस्त्याने सात-आठ किलोमीटर गेले की शीव लागते. इंग्रजी पाट्यांवर ‘सायन’ असे नाव असले, तरी मराठीत रेल्वे स्थानकाचे नाव शीव हेच आहे. स्थानकापासून अर्ध्या किलोमीटरवर एक लहानशी टेकडी आहे. पायथ्याशी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या नावाचे उद्यान आहे आणि माथ्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत. बाग आणि इतिहास एकाच आवारात असल्यामुळे लहान मुलांच्या सहलीस ही जागा फार सोयीची आहे. शिवाय किल्ला इतका छोटा की दहा वर्षांचे मूल तो स्वतःच्या पायांनी पुरता फिरू शकते. रायगडावर हे शक्य नाही. तेथे मूल दमते, आणि दमलेले मूल काही पाहत नाही.

आता ‘शीव’ ह्या शब्दाकडे वळू. आपण खेड्यातील शिक्षक, म्हणून आपणांस येथे शहरातील शिक्षकापेक्षा मोठा लाभ आहे. माझ्या वर्गातील मुलांना शीव म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. आपल्या मुलांना ते ठाऊक असते. गावाची शीव कोठवर, शेजारच्या गावाचे शिवार कोठून लागते, शिवेवरच्या देवाला नारळ केव्हा देतात, हे त्यांनी घरी ऐकलेले असते. हद्दीच्या दगडावरून भाऊबंदांत झालेले तंटेही काहींनी पाहिले असतील. तेव्हा सहलीच्या आधी आठवडाभर वर्गात एवढेच सांगावे की, मुंबईत एका रेल्वे स्थानकाचे नाव ‘शीव’ असे आहे. ते का असावे? आणि उत्तर सांगू नये. हा मोह आवरणे आपणां शिक्षकांस कठीण जाते, पण तो आवरावा.

उत्तराची सामग्री मात्र शिक्षकाजवळ तयार हवी. ती थोडक्यात अशी. आज जी मुंबई आपण सलग जमीन म्हणून पाहतो, ती पूर्वी सात बेटे होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. ती पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी विवाह ठरला आणि त्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली. राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिली. पण खाडीपलीकडचे साष्टी बेट पोर्तुगीजांकडेच राहिले. परळ बेटाच्या ईशान्य टोकावर, जेथे कंपनीची हद्द संपत होती आणि पलीकडे परक्याचा मुलूख दिसत होता, तेथे टेकडीवर कंपनीने किल्ला बांधला. जेराल्ड ऑन्जिअर हा मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ ह्या काळात हे बांधकाम झाले. ती जागा म्हणजे खरोखरच शीव होती.

ह्या सनावळीत मुलांच्या परिचयाचे काही नाही, असे आपणांस वाटेल. परंतु १६६९ आणि १६७७ ह्यांच्या मध्ये कोणते साल येते? १६७४. त्या वर्षी ६ जूनला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, हे चौथीचे मूल झोपेतही सांगेल. त्या सोहळ्यास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. त्याला रायगडी पाठविणारा ऑन्जिअर, आणि शीवेवर किल्ला उभारणाराही ऑन्जिअरच. एका हाताने नजराणा पाठवावा, दुसऱ्या हाताने तट बांधावा, अशी कंपनीची दुहेरी रीत होती. ही गोष्ट टेकडीवर उभे राहून सांगितली म्हणजे पाठ्यपुस्तकातील रायगड आणि समोरची पडकी भिंत एकाच काळातील आहेत, हे मुलांच्या ध्यानात येते. मुलांना सन पाठ असतात. एकाच वेळी दोन ठिकाणी काय चालले होते, याची कल्पना मात्र त्यांना क्वचितच असते, आणि ती द्यायला वर्गापेक्षा अशी जागा बरी.

पुढचा भाग याहून रंजक आहे. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली, शिवडी आणि माझगाव घेतले आणि कंपनीच्या लोकांना मुख्य किल्ल्यात कोंडून ठेवले. तो परतला तो १६९० मध्ये, कंपनीने औरंगजेबापुढे नमते घेतल्यावर. म्हणजे शीव, शिवडी अशा चौक्या उभ्या असूनही बेट वाचले नव्हते. मग १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी पोर्तुगीजांकडून सुटली; १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईही जिंकली. तेव्हापासून १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत, सुमारे सदतीस वर्षे, शीवच्या किल्ल्यावरील पहारेकऱ्याला खाडीच्या पलीकडे मराठ्यांचा अंमल दिसत होता. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे कायम झाली आणि शिवेवरच्या किल्ल्याला राखण्यासारखे काही उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये खाडीवर बांध घालून रस्ता करण्यात आला. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तीही ह्याच वाटेने. हद्द राखण्याची जागा हद्द ओलांडण्याची जागा झाली.

आणि आता आमच्या मानखुर्दकडे या. मुंबईची शीव जोवर शीवला होती, तोवर मानखुर्द आणि तुर्भे हा सारा भाग मुंबईबाहेरचा. १९५० साली महापालिकेची हद्द वाढली, ती पूर्व बाजूस भांडुपपर्यंत आणि पश्चिमेस अंधेरीपर्यंत. तेव्हा आम्ही मुंबईकर झालो. १९५७ मध्ये ती पुन्हा वाढून मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली. म्हणून ज्या मुलाने ‘मानखुर्दला’ असे उत्तर दिले ते आजच्या हिशेबाने बरोबर, आणि वाशी हे १९७० नंतर वसविलेल्या नव्या मुंबईत मोडते हेही सांगता येते. दादरचा मामाही खोटा नाही, कारण जुन्या बेटावर तोच राहतो.

प्रवासाची आखणी ह्या प्रश्नाला धरून करावी. गाडी पनवेलहून सकाळी सातला निघावी. पहाटे तीनला उठण्याचे कारण नाही. वाशीच्या पुलापूर्वी पाच मिनिटे सर्व मुलांना जागे करून सांगावे की आता खाडी येते आहे, ती आजची शीव. पुलावर गाडी थांबवू नये. तो धोका कोणत्याही कारणासाठी पत्करू नये. चालकास वेग कमी ठेवण्यास सांगितले की पुरते. डाव्या हातास तुर्भ्याचा डोंगर, तिवरांची रांग आणि शेजारून जाणारा रेल्वेचा पूल, एवढे मुलांनी पाहावे. पहिला रस्त्याचा पूल १९७३ चा, त्याआधी येथून गाडी जात नव्हती हे सांगावे. मुलांच्या आजोबांना मुंबईस यावयाचे तर ठाण्याचा वळसा घ्यावा लागे किंवा बोटीने यावे लागे. घरी जाऊन हे आजोबांना विचारावयाचे, असा एक प्रश्न वहीत लिहून द्यावा.

पुलापासून शीवपर्यंतचा रस्ता तासाचा की पावणेदोन तासांचा, हे वाहनांच्या गर्दीवर असते. ते गृहीत धरून दिवसाचे वेळापत्रक सैल ठेवावे. टेकडीवर ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे. पायऱ्या काही ठिकाणी झिजल्या आहेत, काही तुटल्या आहेत. तटाला कडेला आधार नाही. म्हणून पाहणीसाठी शिक्षकाने आधी एकदा स्वतः जाऊन येणे अगत्याचे आहे. नकाशावर किंवा दूरध्वनीवर केलेली चौकशी पुरेशी नाही. कोणती पायरी हलते, कोणत्या कोपऱ्यावर मुलांना जाऊ द्यावयाचे नाही, कोणत्या झाडाखाली पन्नास मुले सावलीत बसू शकतील, पिण्याचे पाणी मिळते काय, मुलींसाठी स्वच्छतागृह कोठे आणि ते उघडे असते काय, गाडी कोठे उभी राहील, हे सर्व टिपून आणावे. स्वच्छतागृहाचा मुद्दा सभेत बोलण्यास संकोच वाटतो म्हणून तो कायम राहून जातो आणि मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. शिक्षिकाभगिनींनी ही पाहणी स्वतः करावी अशी माझी विनंती आहे. लोकमान्य टिळक रुग्णालय जवळच आहे, त्याचा रस्ताही पाहून ठेवावा.

परवानगीचे अर्ज, पालकांची संमतिपत्रे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावयाची यादी, एस. टी. च्या सवलतीचे पत्र, प्रथमोपचाराची पेटी, ह्या गोष्टी आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. महामंडळाची गाडी शालेय सहलीस निम्म्या दराने मिळते, तिचा अर्ज वेळेवर करावा एवढेच सांगतो. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या स्थळी पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेशमूल्य पडत नाही, हेही हिशेब करताना विसरू नये.

पाण्याविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, आणि तो किनारा आपल्याच जिल्ह्यातला आहे. २०२४ च्या १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. ह्या घटनांनंतर सहलीच नकोत असे म्हणणारे मुख्याध्यापक मला भेटले आहेत. त्यांची भीती मी समजू शकतो. जबाबदारी त्यांच्या सहीवर असते. परंतु सहल बंद केल्याने भीती जाते आणि तिच्याबरोबर मुलाचे जगही आक्रसते. त्याऐवजी पहिली सहल पाण्यापासून दूर, लहान चढाची आणि अर्ध्या दिवसात आटोपणारी असावी. घारापुरीची लेणी जगात नावाजलेली आहेत आणि १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून मान्य आहेत. ती मोठ्या वयात, पुरेशी माणसे बरोबर असताना आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याची खात्री करून पाहावीत. (आणि सोमवारी तिकडे जाऊ नये, लेणी बंद असतात.)

टेकडीवर गेल्यावर काय करावे? व्याख्यान देऊ नये. दहा-दहा मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक किंवा जाणता पालक असावा. प्रत्येक गटाला बेटांचा एक साधा रेखानकाशा द्यावा. झेरॉक्स काढण्यास फार खर्च येत नाही. पहिले काम उत्तर दिशा शोधण्याचे. दुसरे, पहारेकऱ्याच्या जागी उभे राहून शत्रू कोठून येईल ते ठरविण्याचे. आता चहूबाजूंनी इमारती आहेत, झाडी आहे, पूर्वीसारखे मोकळे पाणी दिसत नाही. त्याने निराश होऊ नये. इमारती काढून टाकल्या तर काय दिसेल, हे मुलांना मनात पाहावयास लावावे. कुर्ल्याच्या बाजूस मिठी नदी आहे; तीच जुन्या खाडीची खूण. तिसरे काम भिंतीच्या दगडांचे : मोठे कोणते, लहान कोणते, चुना कोठे दिसतो, दुरुस्ती नवी कोठे आहे. चौथे काम असे नसतेच. मग त्यांना बागेत खेळू द्यावे. खेळण्यासाठी आलेल्या मुलाला खेळू न देणे हा अन्याय आहे.

एक प्रश्न मुले हमखास विचारतील, तो असा की, हा किल्ला इतका मोडका का? भिंतींवर नावे का कोरली आहेत? ह्या प्रश्नाला बगल देऊ नये. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे, खात्याच्या मुंबई विभागाचे कार्यालयही ह्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे, आणि तरीही अवस्था अशी आहे, हे सरळ सांगावे. आपल्या गावातल्या जुन्या बारवेची किंवा देवळाची अवस्था कशी आहे, हे मग मुलांनीच सांगावे. उपदेश करण्याची गरज पडत नाही.

दुपारी भाकरी सोडावी आणि उरल्या वेळात फार तर एकच जागा पाहावी. राणीबागेतील भाऊ दाजी लाड संग्रहालय मला त्या दृष्टीने बरे वाटते. ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच्या आवारात घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, ज्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. म्हणजे बोटीत न बसता घारापुरीची एक खूण मुलांना हाताच्या अंतरावर पाहता येते. बुधवार टाळावा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते, आणि इतर दिवशीही आधी चौकशी करावी.

आता जे सांगावयाचे आहे ते आखणीत सर्वांत आधी यावयास हवे होते, परंतु आपल्या मनात ते शेवटी राहावे म्हणून मागे ठेविले. सहलीची वर्गणी जाहीर होते, आठ दिवसांत पैसे जमतात आणि वर्गातील पाच-सात मुलांची नावे यादीत येत नाहीत. कोणी म्हणते ताप आला होता, कोणी म्हणते आई पाठवीत नाही. ती कातकरीवाडीवरची असतात, वीटभट्टीवरच्या मजुरांची असतात, कधी वडील नसलेली असतात. कारण आपणांस ठाऊक असते आणि आपण ते विचारीत नाही. सहलीच्या दिवशी त्यांना शाळा नसते. दुसऱ्या दिवशी इतर मुले काय पाहिले ते सांगतात आणि ही ऐकतात.

माझे मत असे आहे की, ज्या सहलीला वर्गातील प्रत्येक मूल येऊ शकत नाही, ती सहल लांबची आहे असे समजावे आणि जवळची निवडावी. मुंबई झेपत नसेल तर पनवेलच्या आसपासचा एखादा गड घ्यावा; तोही झेपत नसेल तर पायी जाता येईल असे जुने देऊळ, पाण्याचे टाके, वाड्याची भिंत घ्यावी. अंतर कमी करीत जावे, शेवटचे मूल यादीत येईपर्यंत. गावातील दुकानदार, शाळा व्यवस्थापन समिती, माजी विद्यार्थी यांच्याकडे शब्द टाकण्यास हरकत नाही. ज्यांनी मदत केली त्यांची नावे वर्गात वाचू नयेत. कोणासाठी मदत झाली हे मुलांना कळता कामा नये. आणि यादी वर्गात फळ्यावर लिहू नये.

परत आल्यावर पुढच्या शनिवारी आणखी एक छोटी सहल करावी. तिला वर्गणी नको, गाडी नको. गावच्या महसुली नकाशाची प्रत मिळवावी, दोन जाणते शेतकरी बरोबर घ्यावेत आणि मुलांना आपल्या गावाच्या शिवेवर न्यावे. हद्दीचा दगड कोठे आहे, ओढा हद्द कोठे होतो, रस्ता केव्हा झाला, पलीकडच्या गावाशी पूर्वी पाण्यावरून काय वाद होता, हे त्यांनी विचारावे आणि लिहावे. हे लिखाण एका वहीत उतरवून शाळेत ठेवावे. ज्या शाळा ह्या वर्षी ही सहल करतील, त्यांनी कृपया अशा वहीची एक प्रत आमच्या मानखुर्दच्या शाळेकडे पाठवावी. आमच्या मुलांना गावाची शीव पाहावयास मिळत नाही. त्यांनी ती वाचावी अशी माझी इच्छा आहे. आणि शीवला जाण्याच्या आधी पाहणीसाठी जे शिक्षक येतील, त्यांनी शनिवारी दुपारनंतर यावे. मी बरोबर टेकडीवर येईन.